उशीची गार बाजू

गणराज आणि नवनाथ एकाच कॉटवर झोपायचे, आणि तरीही त्यांची नीट ओळख व्हायला बरेच महिने लागले.

कारण साधं होतं. गणराज डे शिफ्टला, नवनाथ नाइटला. चाकणजवळ, महाळुंग्याच्या रस्त्याला, जिथं पूर्वी कांदा व्हायचा तिथं हिंदुरावनं तीन मजले उभे केले होते आणि खोल्याखोल्यांत कॉट अशा बेतानं बसवले होते की कूस बदलायची तर आधी शेजाऱ्याशी बोलणी करावी लागत. एका कॉटला दोन गडी. एक कंपनीत, एक कॉटवर. हिंदुराव पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माझ्या कॉटला सुट्टी न्हाई."

दोघं एकाच कंपनीत, एकाच मशीनवर. मशीन गाड्यांच्या बंपरला लागणारे प्लॅस्टिकचे चाप ओकायचं. सकाळी गेटवर एक आत जायचा, एक बाहेर यायचा.

"काय?"

"काय नाही."

संध्याकाळी पुन्हा हाच संवाद, फक्त माणसं उलटी. लग्न झालेली पुष्कळ माणसं याहून फार बोलत असतील असं नाही.

एक रीत मात्र पडली होती. कॉटवरून उठणारा जाताना उशी पालथी करून ठेवायचा. म्हणजे येणाऱ्याच्या गालाला गार बाजू लागायची. यावर कधी चर्चा झाली नव्हती. सुरुवात नवनाथनं केली. पहिल्या वेळी गणराजला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या वेळी तसं वाटलं नाही, आणि तिसऱ्या वेळेपासून तोही करायला लागला.

गणराज मूळचा चिपळूणकडचा. त्याचा चेहरा खोटं बोलताना हलत नसे. खरं बोलतानाही हलत नसे, त्यामुळे लोकांची फार गैरसोय व्हायची. नव्या रोबोटला पीएफ लागू झालाय असं त्यानं एकदा कॅन्टीनमध्ये सांगितलं, तर दोघं जण आपला पीएफ का अडकलाय हे विचारायला एचआरला गेले. तेव्हापासून लाइनवर कुणी त्याचं काही खरं मानत नसे. तो "आग लागली" म्हणाला असता तर लोकांनी आधी धुराकडं बघितलं असतं, मग त्याच्याकडं, आणि मग हसले असते.

त्याचं मनापासून खरं मानणारा एकच माणूस होता. लाइनचे सुपरवायझर रंगराव. त्यांच्याच शेतावर आता कंपनीचं पार्किंग होतं, त्यामुळे ते कामावर घरी आल्यासारखे यायचे आणि घरी पाहुण्यासारखे जायचे. गेल्या वर्षीपर्यंत शिफ्ट आठवड्याला बदलायची. नाइटचा आठवडा आला की गणराजचे हाल व्हायचे. वरचा मजला, पत्रा तापलेला, खाली फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर. दिवसा त्याला डोळा लागत नसे. अशाच एका आठवड्यात तो रंगरावांसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं.

"साहेब, नवनाथला नाइटच आवडते. लाजतो सांगायला."

"व्हय? का बरं?"

"त्यांच्याकडं शेतीला लाइट रात्रीच येते. पिढ्यान्‌पिढ्या रात्री मोटार चालू करायला उठतात. आता रक्तातच उतरलंय. दिवसा जागं ठेवलं की त्याला चक्कर येते."

"पिढ्यान्‌पिढ्या?"

"आजोबांपासून."

रंगराव गंभीर झाले. त्यांना शेतकऱ्याचं दुःख कळत होतं. पुढच्या सोमवारपासून नवनाथ कायमचा नाइटला गेला आणि गणराज कायमचा डेला. नवनाथला वाटलं, कंपनीनं ठरवलं. कंपनीनं ठरवलेल्या गोष्टी पावसासारख्या असतात, कुणी पाडला असं विचारायचं नसतं. फक्त अधूनमधून रंगराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळव्या आवाजात विचारायचे, "काय नवनाथ, लाइट रातच्यालाच ना अजून?"

नवनाथ लातूरकडचा. साहेब गावाकडची विचारपूस करतात, असं वाटून तो म्हणायचा, "हाव साहेब."

"सोस बाबा, सोस."

सगळं सुरळीत होतं. गणराजला झोप लागत होती.

मग नवनाथ आजारी पडायला लागला. ताप यायचा, जायचा, आणि काही विसरल्यासारखा परत यायचा. आठवड्यापूर्वीचा खोकला अजून राहायला असायचा तोवर नवा यायचा. गणराजला साधी शिंकही नाही. खाडे वाढले. रंगरावांनी नवनाथला बोलावून सांगितलं की पुढच्या वेळी काँट्रॅक्ट वाढेल की नाही, सांगता येत नाही. नवनाथनं कॉटखालच्या पिशवीत कपडे भरून ठेवले.

"माझी बॉडीच कंडम हाय राव," तो गेटवर म्हणाला. त्यांच्या संवादात त्या दिवशी पहिल्यांदाच नवं वाक्य आलं. "तू बी त्याच खोलीतला. त्याच मेसचं खातूस. तुला काय होत न्हाई. माझ्याच रक्तात खोट हाय. रंभा म्हणायलीय, या परत."

रंभा त्याची बायको. गावी होती, लहान मुलीला घेऊन.

गणराज त्यावर काहीतरी विनोदी बोलणार होता. पण विनोद आला नाही. त्यालाही खाडा पडला असावा.

डॉक्टर स्वरूपा कंपनीत आल्या त्या याच दिवसांत. त्या एका संशोधन संस्थेच्या होत्या. कॅन्टीनमध्ये माइक धरून त्यांनी सांगितलं की तीच लस दोन माणसांना दिली तर एकाचं शरीर जोरात तयारी करतं, दुसऱ्याचं करत नाही. असं का होतं, ते त्या शोधतायत. त्यासाठी त्यांना एकत्र राहणारी माणसं हवी होती, तेच खाणारी, त्याच हवेतली. फ्लूची लस देणार, आधी आणि नंतर रक्त घेणार. बहुतेक नवरा-बायकोच्याच जोड्या मिळाल्या होत्या.

"इथं कुणी आहे का, एका घरात राहणारे दोघं?"

गणराजनं हात वर केला. "आम्ही एका बेडवर झोपतो."

कॅन्टीनमध्ये चमचे थांबले.

"एका वेळी नाही," गणराज म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचे डोळे लुकलुकले. "म्हणजे तीच गादी, तेच पांघरूण, तीच खोली, तेच जेवण... आणि नातं काही नाही?"

"कॉटचं नातं आहे."

नवनाथ लगेच तयार झाला. आपल्या रक्तात काय खोट आहे ते एकदा कळू दे, मग गावी जायला मोकळा, असं त्याचं म्हणणं. गणराज तयार झाला कारण हात वर केलेला होता.

निगडीला मॅडमचं केंद्र होतं. लस झाली, रक्त झालं, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त झालं, आणि एका रविवारी दोघांना बोलावणं आलं. मॅडमनी त्यांना एका मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. स्क्रीनवर पुष्कळ ठिपके होते.

"लोक विचारतात, माझी इम्युनिटी किती," मॅडम म्हणाल्या. "टाकीत पाणी किती, तसं. पण ती काही एक वस्तू नाही. शेकडो तऱ्हेच्या पेशी असतात, त्या एकमेकींना निरोप पाठवतात. एखादीच मोजून काही कळत नाही. आम्ही सगळ्या एकदम मोजतो आणि बघतो, कोण वाढलं की कोण कमी होतं, कोण कुणाचं ऐकतं. त्यावरून प्रत्येक माणसाचा एक ठिपका. सारख्या घडणीची माणसं जवळजवळ येतात."

"आमचा कुठाय?" नवनाथनं विचारलं.

मॅडमनी दाखवलं. दोन ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. गणराज आणि नवनाथ. खाली कोपऱ्यात एक ठिपका होता आणि वर दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार. ते लग्नाचं जोडपं असल्याचं मॅडम म्हणाल्या, नाव सांगितलं नाही. गणराजनंही विचारलं नाही. दुसऱ्याच्या संसारात बोलू नये.

"म्हंजे माझं रक्त बाद न्हाई?"

"अजिबात नाही. माणसामाणसांतला थोडा फरक जन्मानं येतो, पण बराचसा येतो जगण्यानं. कुणाबरोबर राहता, काय खाता, कुठले जंतू भेटले. तुम्हा दोघांना इतकी वर्षं तेच जंतू भेटलेत. तुम्ही जवळजवळ भाऊ आहात." मग मॅडमनी दुसरं चित्र लावलं. "फक्त इथं वेगळे आहात. लसीनंतर गणराजच्या शरीरानं भरपूर तयारी केली. तुमच्या शरीरानं थोडी. आणि तुमच्या रक्तात एक बारीक धुसफूस सतत चालू दिसते. थकलेल्या शरीरात दिसते तशी. मला सांगा, बाकी सगळं सारखं असताना तुमच्यात वेगळं काय आहे?"

नवनाथ विचार करायला लागला. त्याला खरोखर विचार करावा लागत होता. गणराजला करावा लागत नव्हता. तो स्क्रीनवरच्या आपल्या ठिपक्याकडं बघत होता. ठिपका तिथून हलून दुसरीकडं जाऊन बसला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"नाइट," नवनाथ म्हणाला. "मी नाइटला असतो, ह्यो डेला."

"नेहमीच?"

"हाव. कंपनीनं ठरवलंय."

"एका जोडीवरून मी काही सिद्ध करू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण दिवसाची झोप पुरेशी होत नाही, आणि झोपेचा याच्याशी संबंध असतो. कंपनीत कुणी ठरवलं? बदलता येईल का?"

"आता सोडूनच चाललोय मॅडम," नवनाथ म्हणाला.

मॅडमच्या मशीनला गणराजच्या सगळ्या पेशी दिसत होत्या. त्या वेळी त्या सगळ्या खाली मान घालून बसल्या असाव्यात, पण तसं मोजायची सोय नव्हती.

परतीच्या बसमध्ये त्यानं ठरवलं, सांगून टाकायचं. मोशी येईपर्यंत त्यानं वाक्य जुळवलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मग खिडकीकडं बघत सगळं सांगितलं. रंगराव, लाइट, मोटार, आजोबा. वळून बघितलं तर नवनाथ त्याच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपला होता. नाइटवाला माणूस, बसला की झोपायचा. गणराजनं चाकणपर्यंत खांदा हलवला नाही. एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेही खांद्यात.

दुसऱ्या दिवशी तो रंगरावांकडं गेला.

"साहेब, नवनाथबद्दल मी खोटं बोललो होतो."

"कवा? आत्ता का तवा?"

"तेव्हा. त्याला नाइट आवडत नाही. मला डे पाहिजे होती म्हणून बोललो. त्याला डेला घ्या, मला नाइटला टाका."

रंगरावांनी चष्मा काढला. "म्हंजे तू खोटं बोलतूस."

"बोललो होतो."

"मंग आत्ता खरं बोलतूस कशावरनं?"

प्रश्न बरोबर होता.

"त्या बिचाऱ्याचा आजा, बाप रातच्याला मोटारीवर जागलं," रंगराव म्हणाले. "आन् तू त्याच्या तोंडचा नाइटचा घास काढायला आलास व्हय? त्याचं काँट्रॅक्ट संपतंय बघून? जा, मशीन बंद हाय तुझं."

मशीन खरंच बंद होतं. चापांचा साचा अडकला होता. गणराजनं तो सोडवला. सोडवताना त्याला कळलं की आपली एवढ्या वर्षांची मेहनत फळाला आली आहे. आपलं खरं आता चालत नाही.

चालतं ते त्याच्याकडं भरपूर होतं. दुपारी तो परत गेला.

"साहेब, निगडीच्या मॅडमनी निरोप दिलाय. आमच्या दोघांच्या पेशी अदलाबदल करायच्यात. त्याच्यात रात्रीच्या पेशी जास्त झाल्यात, माझ्यात दिवसाच्या. तोल बिघडला की कॉट सोसत नाही. शिफ्ट बदलली की आपोआप समान होतील. सायन्स आहे."

रंगरावांचा चेहरा लगेच शांत झाला. "मंग सकाळी का न्हाई बोललास शहाण्यासारखं?"

पुढच्या सोमवारी शिफ्ट बदलली.

आता दिवसा कॉटवर गणराज असायचा. पत्रा तापायचा. ग्राइंडर त्याच्या दाढेतून चालायचा. पलीकडच्या प्लॉटवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या स्पीकरची तपासणी व्हायची, वाढदिवस कधीच होत नसे. खिडकीला एक ओली चादर बांधलेली होती. नवनाथ वर्षभर ती रोज भिजवायचा. आता तो डेला जाण्यापूर्वी गणराजसाठी भिजवून जायचा. उशी पालथी केलेली असायची. गणराज त्या गार बाजूवर गाल ठेवून, डोळे उघडे ठेवून पडायचा. झोप न येण्याचं कारण ऊन की आणखी काही, ते वेगळं काढणं अवघड होतं. दोन्ही एकदमच यायची.

नवनाथ सुधारत गेला. खोकला गेला. महिना-दीड महिन्यात त्याच्या चेहऱ्यावर जेवल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. रंगरावांनी काँट्रॅक्ट वाढवलं. कॉटखालच्या पिशवीतले कपडे बाहेर येऊन खिळ्यावर लटकले. राजगुरुनगरला खोली बघून रंभाला आणि मुलीला आणायचं, असं तो बोलायला लागला. कॅन्टीनमध्ये भेटेल त्याला सांगायचा, "मॅडमनी सांगिटलं आन् गणराजनं माझ्यासाठी नाइट घेतली. आजकाल सख्खा भाऊ करत न्हाई."

लोक गणराजकडं बघून म्हणायचे, "भावा, तू?" आणि नंतर, नाइलाजानं, त्याला मान द्यायचे. त्यानं आयुष्यात इतकं काही सोसलं नव्हतं. रंभानं गावाहून जवसाची चटणी पाठवली. वर फोन केला.

"भावजी, तुमच्यामुळं माणूस वाचला माझा."

"तसं काही नाही वहिनी."

"किती मोठं मन हाय बघा, न्हाईच म्हणायलेत!"

चटणी उत्तम होती. गणराजला ती तीन घासांपलीकडं गेली नाही.

मग पुन्हा रविवार, पुन्हा निगडी, पुन्हा रक्त. मॅडम ताजे आकडे बघून म्हणाल्या, नवनाथच्या रक्तातली धुसफूस कमी दिसतेय. गणराजच्या रक्तात मात्र आता सुरू झालीय.

"तुमची शिफ्ट बदलली का?"

"मॅडम, तुमीच तर सांगिटलात," नवनाथ म्हणाला, आणि हात जोडले. "तुमचा निरोप गेला म्हणूनच साहेबांनी बदलली. लई उपकार झाले."

"मी? मी कुणालाच निरोप पाठवला नाही."

मॅडमनी गणराजकडं बघितलं. नवनाथनंही बघितलं. गणराजचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्याला दुसरा येतच नव्हता.

बाहेर, बस टर्मिनसवर, नवनाथनं शेंगदाण्याची पुडी घेतली. तो अजून हसतच होता. "मॅडमच्या नावानं थाप मारलास? माझ्यासाठी?"

"आधीची थाप मोडायला मारली."

"कंची आधीची?"

"तुला नाइटला मीच टाकलं होतं. मला दिवसा झोप येत नव्हती. रंगरावांना सांगितलं, तुला नाइट आवडते."

नवनाथ खो खो हसला. शेंगदाणे हातातून सांडले. "काय बी बोलायलास! उपकार डोक्यावर बसू नये म्हणून, व्हय ना?"

"खरं सांगतोय राव."

"बरं बरं. काय म्हणलास मग त्यास्नी?"

"म्हटलं, तुमच्याकडं शेतीला लाइट रात्रीच येते. पिढ्यान्‌पिढ्या रात्री मोटारीवर जागतात. आजोबांपासून. रक्तातच उतरलंय."

नवनाथचं हसू लगेच गेलं नाही. आधी आवाज गेला, मग दात मिटले, आणि गालावरचं जे राहिलं होतं ते थोडा वेळ तिथंच घुटमळलं.

"म्हणून साहेब इचारतेत," तो म्हणाला. "लाइट रातच्यालाच ना म्हणून. वरीसभर इचारायलेत."

"हो."

नवनाथनं उरलेल्या दाण्यांच्या पुडीचं तोंड मुडपलं.

"माझा आजा मेला," तो म्हणाला, "तवा गावात लाइटच नव्हती."

बस आली. नवनाथ पुढं चढला आणि पुढच्याच एका सीटवर बसला, शेजारी एक म्हातारा होता तिथं. गणराज मागं उभा राहिला. मागं जागा होती, पण तो उभा राहिला. मोशी गेली, चाकण आलं. नवनाथ पूर्ण वाटभर जागा होता. डेवाला माणूस होता आता.

संध्याकाळी गणराज नाइटला गेला. चाप पडत राहिले, एकासारखा दुसरा, त्यात काही फरक नव्हता. सकाळी गेटवर नवनाथ समोरून आला.

"काय?" गणराज म्हणाला.

नवनाथ कार्ड दाखवून आत गेला.

खोलीवर आल्यावर गणराज आधी वाकला आणि कॉटखाली बघितलं. पिशवी रिकामी होती. कपडे खिळ्यावर होते. राजगुरुनगरच्या खोलीच्या दलालाचा नंबर भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला होता, तो खोडलेला नव्हता. खिडकीची चादर कोरडी होती, आणि तिच्यातून ऊन सरळ कॉटवर येत होतं.

तो आडवा झाला. गालाला ऊब लागली. उशी उलटलेली नव्हती. नवनाथचं डोकं रात्रभर होतं तीच बाजू, मधे खोलगट, थोडी घामट.

म्हणजे त्याला पटलं होतं.

आपलं खरं कुणाला तरी पटलं, याचं काय करायचं ते गणराजला कळेना. उशी पालथी करायला एक हात पुरला असता. खाली ग्राइंडर सुरू झाला. त्याला एक शिंक आली, मग आणखी एक. त्यानं नाक पुसलं, हात पोटाखाली घेतला आणि त्याच बाजूवर गाल ठेवून डोळे मिटले.